बॉक्समास्टर

बॉक्समास्टर : स्कॉटलंडमधील कारागीर-संघांत व नाविकांच्या साहाय्य-मंडळांत, तसेच पुढे परदेशी स्थायिक झालेल्या स्कॉट लोकांच्या धर्मादाय संस्थांत, सामाईक निधीची पेटी सांभाळणारा निर्वाचित पदाधिकारी. सतराव्या शतकात लंडन आणि बॉस्टन येथील ‘स्कॉट्स बॉक्स’चा (स्कॉट लोकांच्या साहाय्य-पेटीचा) कारभार मुख्यतः पेटीभोवतीच चाले. अठराव्या शतकात ही जागा अध्यक्ष, खजिनदार व व्यवस्थापक मंडळ यांनी घेतली. पद गेले तरी त्यामागची पद्धत बरीचशी टिकली. म्हणून या संस्थांच्या नेतृत्वाचा विचार अध्यक्षांच्या नामावळीपासून नव्हे, तर पेटीपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

एडिंबरो, ग्लासगो, ॲबर्डीन इ. नगरांतील कारागीर-संघांत डीकन हा संघाचा प्रमुख आणि बॉक्समास्टर हा त्याच्या खालोखालचा अधिकारी असे. निवड सामान्यतः वर्षाची. पेटी बहुधा ओक लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची आणि एकाहून अधिक कुलपांची असे. किल्ल्या निरनिराळ्या सभासदांकडे असत, त्यामुळे पेटी ज्याच्या घरी ठेवलेली असे त्यालाही ती एकट्याने उघडता येत नसे. उघडायची ती सभेत, सर्वांसमोर. आत नाण्यांबरोबर संघाची सनद, कर्जरोखे व हिशेबवही असे; निधी नुसता साठवून न ठेवता सभासदांना रोख्यावर कर्जाने देण्याची चाल होती. आजाऱ्याला मदत, विधवेला तुटपुंजे वेतन आणि अंत्यविधीचा खर्च ही खर्चाची ठरलेली कलमे. बंदरांतून नाविकांच्याही अशाच पेट्या होत्या. फोर्थच्या खाडीवरील बोनेस येथील ‘सी बॉक्स सोसायटी’ १६३४ मधील आहे.

ही पद्धत स्कॉटलंडबाहेर का गेली, याचे उत्तर गरिबांविषयीच्या कायद्यात सापडते. स्कॉटलंडमध्ये गरिबांचा सांभाळ मुख्यतः चर्चच्या स्थानिक सभा करीत. त्यासाठी रविवारची वर्गणी आणि दंडाची रक्कम वापरली जाई. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने हे काम पॅरिशवर (एका चर्चच्या कक्षेतील स्थानिक विभागावर) सोपवून त्यासाठी कर लावला, आणि १६६२ च्या कायद्याने मदतीचा हक्क त्या पॅरिशमधील रहिवासाशी जोडला. लंडनमध्ये येऊन आजारी पडलेल्या स्कॉट कारागिराचा असा हक्क कोणत्याच पॅरिशवर लागत नसे, आणि गावाकडची चर्चसभा चारशे मैल दूर. मुंबईतील गोवेकरांचे कूड (गावनिहाय सामाईक निवास) किंवा गिरणगावातील ग्रामस्थ मंडळांचे फंड अशाच गरजेतून निघाले, हे वाचकाला आठवेल. त्यांचा या परंपरेशी ऐतिहासिक संबंध मात्र नाही.

लंडन : १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला व त्याच्यामागोमाग दरबारी, व्यापारी आणि कारागीर लंडनला आले. त्यांच्या पेटीचा आरंभ काही लेखक ‘१६०३ नंतर लवकरच’ असा मोघम सांगतात; संस्था स्वतः १६११ हे वर्ष मानते, आणि दुसरा भक्कम पुरावा नसल्याने तेच स्वीकारणे बरे. १६६५ मध्ये जेम्स किनिअर या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने दुसऱ्या चार्ल्सची सनद मिळाली. किनिअर मोठ्या आजारातून उठला होता व त्यानंतर त्याने हे काम अंगावर घेतले, अशी संस्थेची परंपरागत हकीकत आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ होती. साथीत दगावलेल्या सुमारे ३०० स्कॉट लोकांना संस्थेने मूठमाती दिली असे सांगतात.

सनदेमुळे नेतृत्वाचा ढाचा पालटला. खासगी पेटीच्या जागी कायदेशीर निगम आला आणि कारभार मोजक्या गव्हर्नरांकडे (नियामक सभासदांकडे) गेला. १६७६ च्या दुसऱ्या सनदेने त्यांची संख्या ३३ केली. गव्हर्नरांची पहिली मोठी योजना मात्र फसली. ब्लॅकफ्रायर्स येथे इमारत बांधून गरजूंना तेथे ठेवण्याचा बेत होता. पण स्कॉट लोकांना चार भिंतींतला आश्रय मानवेना, आणि थोड्याच काळात त्यांना राहत्या घरी मदत पोचवण्याचे धोरण स्वीकारावे लागले. संस्थेच्या सनदेतील नावात ‘हॉस्पिटल’ (आश्रयगृह) राहिले आणि काम घरपोच वेतनाचे, अशी ही विसंगती पुढे दोन शतके चालली. १७७५ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या सनदेने अध्यक्ष, उपाध्यक्ष व खजिनदार ही पदे निर्माण केली. ठरावीक देणगी देणारा गव्हर्नर होऊ लागला. पेटी सांभाळणाऱ्याची विश्वासार्हता हा जुना निकष होता, त्याजागी देणगीची ऐपत आली. १७८२ मध्ये संस्थेने फ्लीट स्ट्रीटजवळील क्रेन कोर्टमधील रॉयल सोसायटीची जुनी वास्तू घेतली. न्यूटन अध्यक्ष असताना रॉयल सोसायटीच्या सभा याच वास्तूत होत. १८७७ मध्ये ती आगीत नष्ट झाली.

हिंदुस्थानात कमावलेला पैसाही या संस्थेकडे आला. कलकत्त्याचा व्यापारी विल्यम किनलॉक याने जायबंदी स्कॉट सैनिक व खलाशी यांच्यासाठी ठेवलेला मोठा निधी एकोणिसाव्या शतकात संस्थेच्या हाती आला आणि पुढे ‘किनलॉक निधी’ म्हणून स्वतंत्रपणे चालवला गेला. मुंबईतील बॉम्बे स्कॉटिश शाळेचे मूळ १८४७ मधील अनाथालयात असले, तरी ते मिशनऱ्यांचे कार्य होय. पेटीच्या परंपरेशी त्याची गल्लत करू नये.

बॉस्टन : स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी ही अमेरिकेतील या प्रकारची सर्वांत जुनी संस्था. तिच्या आरंभीच्या नोंदीवर ६ जानेवारी १६५७ ही तारीख आहे. लंडनच्या पेटीचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून २८ स्कॉट रहिवाशांनी, स्वतःच्या आणि गरजू देशबांधवांच्या साहाय्यासाठी पेटी स्थापन केली. प्रवेशाच्या वेळी किमान बारा पेन्स व पुढे दर तिमाहीस सहा पेन्स अशी वर्गणी ठरली.

या तारखेविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी हा वर्षारंभ मानला होता. नोंद वसाहतीच्या रिवाजाने लिहिली असेल, तर ‘जानेवारी १६५७’ म्हणजे आजच्या गणनेने जानेवारी १६५८ होते. स्कॉटिश रिवाजाने लिहिली असेल, तर वर्ष १६५७ हेच राहते. अशा संदिग्ध दिवसांसाठी काही लेखनिक दोन्ही वर्षे जोडून लिहीत, ती सोय येथे दिसत नाही. लिहिणारे स्कॉट होते, पण त्यांचे करार, कोर्टकचेऱ्या व व्यापार बॉस्टनच्या पंचांगावर चालत होते. म्हणून केवळ त्यांच्या जन्मभूमीवरून निर्णय करणे धाडसाचे ठरेल. संस्थेने व जुन्या सूचिकारांनी १६५७ हेच वर्ष रूढ केले आहे आणि येथेही तेच ठेवले आहे. एका वर्षाच्या फरकाने संस्थेचा मान कमी होत नाही. अमेरिकेतील तिच्यानंतरची महत्त्वाची संस्था, साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनची, त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी निघाली.

संस्थापक कोण होते, हा दुसरा वादविषय. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबार येथे इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याने स्कॉट सैन्याचा पराभव केला. त्यातील सुमारे १५० युद्धकैदी ‘युनिटी’ जहाजातून न्यू इंग्लंडला आणले गेले. वुस्टरच्या लढाईनंतर (१६५१) ‘जॉन अँड सारा’ जहाजातून आणखी २७० च्या आसपास आले. त्यांना ठरावीक मुदतीचे वेठचाकर म्हणून विकण्यात आले. काही मॅसॅचूसेट्समधील सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात, काही उत्तरेकडच्या लाकूडगिरण्यांवर गेले. चाकरीची मुदत सहा ते आठ वर्षांची असल्याचे पाद्री जॉन कॉटनने क्रॉमवेलला १६५१ मध्ये कळवले होते. म्हणजे पेटी निघाली तेव्हा पहिल्या तुकडीची मुदत नुकती संपत आली होती. यावरून पेटी ही सुटलेल्या कैद्यांनीच काढली, असे लोकप्रिय लेखनात ठासून सांगितले जाते. कालगणना जुळते खरी. परंतु नुकत्याच सुटलेल्या वेठचाकराला बारा पेन्स रोख आणि नियमित तिमाही हप्ता कितपत झेपला असता, हा प्रश्न उरतो. बॉस्टनमध्ये आधीपासून असलेले कारागीर व व्यापारी पुढाकार घेणारे, तर कैदी हे मुख्यतः लाभार्थी आणि काही अंशी सभासद, असा मध्यममार्ग अधिक संभवनीय वाटतो.

तिसरा मुद्दा अखंडतेचा. पहिली पेटी काही वर्षांत ढेपाळली व १६८४ मध्ये संस्थेची पुनर्रचना झाली. या वेळच्या नियमांचा सूर पहिल्यापेक्षा कडक आहे : दुराचारी, बेताल किंवा उघडपणे बदनाम झालेल्या व्यक्तीला पेटीत वाटा नाही आणि सभासदत्वही नाही. पात्रता ठरवणे हे कारभाऱ्यांचे काम बनले ते येथून. संस्था १६५७ पासून चालत आली हे म्हणणे चुकीचे नाही. ‘अखंड’ हे विशेषण मात्र सैलपणे वापरले जाते.

बॉक्समास्टरकडे वर्षभर पेटी असे आणि वर्ष सरताना त्याला हिशेब देऊन ती पुढच्याकडे सोपवावी लागे. त्याच्या अधिकाराला यामुळे जो लगाम बसे, तो पुढील काळातील अध्यक्षांना तसा नव्हता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या मार्चमध्ये, ब्रिटिश सैन्याने बॉस्टन सोडले. त्याबरोबर राजनिष्ठ कुटुंबेही आजच्या कॅनडातील हॅलिफॅक्सकडे गेली, आणि व्यापारी स्कॉट लोकांचा ओढा बहुधा राजाकडे असल्याने संस्थेलाही झळ बसली. स्वातंत्र्यानंतर १७८६ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या कायद्याने तिला निगमाचा दर्जा मिळाला.

सेंट अँड्र्यू सोसायट्या : अठराव्या शतकात निघालेल्या संस्थांनी पेटी हे नाव टाकून स्कॉटलंडच्या रक्षक-संताचे नाव घेतले. चार्ल्स्टन (१७२९), फिलाडेल्फिया (जुन्या सभासद-सूचीत १७४९, आज संस्था १७४७ सांगते), न्यूयॉर्क (१७५६) या त्यांतील प्रमुख, हॅलिफॅक्सची नॉर्थ ब्रिटिश सोसायटी १७६८ मधील. येथे पहिल्यापासून अध्यक्षपद आहे आणि त्यावर शहरातील वजनदार माणूस बसलेला दिसतो : चार्ल्स्टनला अलेक्झांडर स्कीन, फिलाडेल्फियाला डॉ. टॉमस ग्रेम, न्यूयॉर्कला फिलिप लिव्हिंगस्टन.

लिव्हिंगस्टनचे उदाहरण बोलके आहे. तो अल्बानीत जन्मला, आजोबा रॉबर्ट तेवढे स्कॉटलंडमधून आलेले, घरात डच वळण. निवड झाली ती स्थलांतरित म्हणून नव्हे, तर व्यापारी आणि पुढारी म्हणून. वीस वर्षांनी त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याच्यानंतरच्या अध्यक्षांत ‘लॉर्ड स्टर्लिंग’ विल्यम अलेक्झांडर आहे. त्याचा सरदारकीचा दावा लंडनच्या उमरावसभेने फेटाळला, तरी अमेरिकेत तो किताब मिरवत राहिला आणि वॉशिंग्टनच्या सैन्यात सेनापती झाला. फिलाडेल्फियाच्या अध्यक्षांपैकी जेम्स विल्सन फाइफ परगण्यात जन्मलेला. संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक आणि सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. जमिनीच्या सट्ट्यात बुडून हाच माणूस अखेरीस कर्जापायी तुरुंगात गेला व १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात वारला. कर्जबाजारी देशबांधवांना हात देणाऱ्या संस्थेच्या माजी अध्यक्षावर ही पाळी यावी, याची नोंद चरित्रकार घेतात. संस्थेच्या इतिहासात तिला फारशी जागा मिळालेली नाही.

चार्ल्स्टनच्या आरंभीच्या नियमांनुसार मदत कोणत्याही राष्ट्राच्या किंवा धंद्याच्या संकटग्रस्ताला खुली होती. ही उदारता या वर्गातील संस्थांत विरळा. ‘कोणत्याही राष्ट्राच्या’ या शब्दांत गुलाम धरले होते काय, हे सभासदांच्या मळ्यांवरून वाचकाने ठरवावे. त्यांच्या ब्रॉड स्ट्रीटवरील सभागृहात २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाचा संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव संमत झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या मोठ्या आगीत ते जळाले.

एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कमध्ये नेतृत्वाचे दोन थर स्पष्ट दिसतात. वर अध्यक्ष : ब्लँटायरचा जॉन स्ट्युअर्ट केनेडी हा बँकर, नंतर १८९९ ते १९०२ डनफर्मलिनचा अँड्र्यू कार्नेगी. ३० नोव्हेंबरच्या (संत अँड्र्यूच्या दिवसाच्या) मेजवानीचे यजमानपद, भाषण आणि मोठ्या देणग्या जमवणे हे त्यांचे काम. खाली व्यवस्थापक मंडळ, वैद्य, धर्मोपदेशक आणि दानाधिकारी. अर्जदाराची विचारपूस करायची, भाडे थकले की कोळसा संपला हे पाहायचे, परतीचे तिकीट द्यायचे की काम शोधून द्यायचे हे ठरवायचे, हा सारा भार दानाधिकाऱ्यावर. बॉक्समास्टरचा खरा वारस शोधायचा झाल्यास तो येथे सापडतो. अध्यक्षांची तैलचित्रे व चरित्रे विपुल आहेत, दानाधिकाऱ्यांची जवळजवळ नाहीत.

विसाव्या शतकात सरकारी निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा आल्यावर या संस्थांचे जुने काम आटले. लंडनची संस्था ‘स्कॉट्सकेअर’ या नावाने, पगारी कर्मचारीवर्गामार्फत, शहरातील स्कॉट लोकांना साहाय्य करते. बॉस्टन व न्यूयॉर्क येथील संस्थांचा निधी आता मोठ्या प्रमाणावर शिष्यवृत्त्यांकडे वळला आहे.