हिथकिटच्या ट्रान्समीटरचे पार्ट: काही लगेच मिळतात, काही मिळतच नाहीत, असं का?

हिथकिट म्हणजे अमेरिकेतल्या हिथ कंपनीचे सुटे पार्ट जोडून घरी बनवायचे सेट. त्यातले हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे, ट्रान्समीटर, जुना डीएक्स-१०० किंवा एटी-१, उघडून बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की एका सेटमधला एक व्हॉल्व्ह (रेडिओची जुनी ट्यूब) आजही कोरा करकरीत मिळतो आणि शेजारच्याच ट्रान्सफॉर्मरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे कसं काय? माझं मत पक्कं आहे, तो पार्ट त्या काळात अजून कोण कोण वापरत होतं त्यावर सगळं ठरतं.

हिथ कंपनी मुळात विमानाचे किट विकायची. एड हिथ १९३१ मध्ये विमान अपघातात गेला, १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने बुडालेली कंपनी घेतली. खरी कलाटणी मिळाली महायुद्ध संपल्यावर, अमेरिकन सैन्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं सरप्लस सामान मातीमोल भावात निघालं आणि अँथनीने ते भरपूर उचललं. त्यातल्या ५बीपी१ पिक्चर ट्यूबभोवती १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं) किट काढलं, तेही ४० डॉलरच्या आत. म्हणजे या किटची सुरुवातच दुसऱ्यासाठी बनलेल्या पार्टवर झालीय.

१९५१ मध्ये अमेरिकेत नोव्हिस, म्हणजे नवशिक्या हॅमसाठीचं, लायसन्स आलं, ७५ वॅट इनपुट आणि फक्त क्रिस्टलवर (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणाऱ्या स्फटिकावर) चालवायची परवानगी, आणि नवशिक्या पोरांची झुंबड उडाली. त्यांच्यासाठी एटी-१, साडेएकोणतीस डॉलरला. आत ६एजी७, ६एल६ आणि रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५यू४ असे तीन व्हॉल्व्ह, बास. यातला ६एल६ गिटार ॲम्पवाल्यांचा लाडका म्हणून अजून नवा बनतो, हॅमवाल्यांच्या जिवावर कुठली फॅक्टरी चालली असती! लागणारे क्रिस्टल बहुतेक एफटी-२४३ होल्डरमधले, तेही युद्धात लाखांनी बनलेले.

मग १९५५ च्या सुमारास डीएक्स-१०० आला, १८९.५० डॉलर, वजन शंभर पौंडांच्या आसपास, एकट्याने टेबलावर चढवायला जाऊ नका. फायनलला (शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला) दोन ६१४६ व्हॉल्व्ह, मॉड्युलेटरला (लहरीवर आवाज चढवणाऱ्या भागाला) दोन १६२५. हा १६२५ म्हणजे ८०७ चाच भाऊ, फक्त हीटर १२.६ व्होल्टचा आणि बेस सात पिनांचा, ८०७ ला पाच पिना. सैन्याच्या विमानांतल्या कमांड सेट नावाच्या रेडिओंसाठी ढिगाने बनले म्हणून १६२५ स्वस्त होते आणि हिथने ते वापरले. (८०७ आपल्याकडच्या जुन्या हॅम मंडळींनाही चांगला ओळखीचा, घरी बनवलेल्या (होमब्रू) सेटमध्ये फायनलला तोच असायचा.) तेव्हा १६२५ नसेल तर ८०७ लावता येतो, पण सॉकेट आणि हीटरचं वायरिंग बदलावं लागतं, नुसता खोचून चालत नाही.

६१४६ चं तसं नाही. आरसीएने तो १९५२ मध्ये आणला, मोबाईल रेडिओपासून हॅम सेटपर्यंत सगळीकडे गेला, त्यामुळे जुना साठा मोठा आहे. पण तो साठा आता संपतोय. शिवाय ६१४६बी दिसायला तोच असला तरी काही जुन्या सेटमध्ये नीट न्यूट्रलाइज होत नाही (आपोआप ऑसिलेट होणं थांबत नाही), घेताना काचेवरचं अक्षर वाचाच.

आता खरं दुखणं. कपॅसिटर, रेझिस्टर नवे लागतातच, त्यांची काळजी नको, जुने वाळलेले नाहीतर लीक होणारे बिनधास्त बदला. पॉटवर (नॉबने फिरवायच्या रेझिस्टरवर) १३७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो सीटीएस कंपनीचा, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे, म्हणजे १३७५८३२ असेल तर १९५८ चा बत्तिसावा आठवडा, जोडीचा पॉट शोधता येतो. ट्रान्सफॉर्मरवर मात्र हिथचा स्वतःचा नंबर असतो, तो खास त्यांच्यासाठीच गुंडाळलेला, दुसऱ्या कोणाच्याच सेटमध्ये नव्हता. डीएक्स-१०० मधला मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर जळला तर मेलेला दुसरा सेट विकत घेऊन त्यातला काढायचा नाहीतर रिवाइंड करून घ्यायचा, तिसरा मार्ग सहसा नसतो. १९६२ च्या डीएक्स-६० मध्ये ही भानगड नाही, त्यात कंट्रोल्ड कॅरियर स्क्रीन मॉड्युलेशन (व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडवरून आवाज चढवायची पद्धत) असल्यामुळे तो मोठा ट्रान्सफॉर्मरच नाही, म्हणून पहिल्यांदाच जुना सेट घेणाऱ्याला मी डीएक्स-६० च सुचवतो.