दार म्हातारं कुठून होतं?

वाड्याच्या जुन्या दारावर, साखळीच्या कडीखाली, बऱ्याचदा एक अर्धी चंद्रकोर दिसते. कडी सोडली की ती लोंबते, दार उघडताना-मिटताना हेलकावे खाते आणि वर्षानुवर्षं त्याच कमानीत लाकडाला घासत राहते. तिथला रंग पार गेलेला, मधे तुळतुळीत लाकूड, कडेला एकेक थर उघडा पडलेला: वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली कुठलासा तपकिरी. मुद्दाम ‘जुनाट’ केलेल्या दारांवर ही चंद्रकोर मी अजून पाहिलेली नाही. तिथे रंग खरवडलेला असतो तो बरोब्बर मधोमध, जिथे कुणाचा हातही लागत नाही आणि पायही.

फार्महाउसना, हॉटेलांना हल्ली अशी दारं हवी असतात. लाकूड नवं, रंग नवा, वय मात्र साठ-सत्तरचं. कुणी नाकं मुरडतात. मला त्यात काही पाप दिसत नाही. फक्त झिजण्याचे नियम असतात, आणि ते मोडले की सोंग उघडं पडतं.

पहिला नियम पाण्याचा. पावसाळ्यात दार फुगतं हे घरोघरी माहीत आहे. जुलैत सुताराकडून रंधा मारून घेतला की मे महिन्यात फटीतून उजेड येतो, हेही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पण सगळीकडून सारखं हलत नाही. फळीच्या लांबीत, म्हणजे तंतूंच्या दिशेने, फरक हजारात एक-दोन भाग. रुंदीत मात्र सागासारखं शहाणं लाकूडही ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत अडीच ते सहा टक्के आटतं. किती, ते फळी ओंडक्यातून कशी चिरली त्यावर. ढोबळ हिशेब करू. ७५ सेंटिमीटर रुंद दार, आटणं जास्तीच्या बाजूचं, उन्हाळा ते पावसाळा लाकडातल्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक: दार ७ मिलिमीटरने रुंदावतं.

म्हणून गावठी फळ्यांचं दार करताना फळ्या एकमेकींना चिकटवत नाहीत. मागे आडव्या पट्ट्या, त्यांच्यामधे एक तिरपी. ही तिरपी खालच्या बिजागरीपाशी सुरू होऊन वर पलीकडच्या कोपऱ्याकडे जायला हवी, म्हणजे दाराचा भार तिच्यातून बिजागरीवर येतो. उलटी बसवली की काही दिवसांत दार मोकळ्या बाजूने खाली लोंबून फरशी घासू लागतं. खिळे आरपार काढून मागे वळवायचे. असा खिळा किंचित वाकून लाकडाला हलू देतो. फळ्या खाच-जिभेने (एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत) बसवल्या असतील तर उन्हाळ्यात प्रत्येक जोडाशी रंग न लागलेली एक बारीक रेघ डोकावते. खऱ्या जुन्या दाराची ही पक्की खूण, आणि ती आणायला फारसं काही करावं लागत नाही: पावसाळ्यात रंगवा आणि मे महिन्याची वाट बघा. (पेंटर कुरकुर करेल. त्या हवेत रंग वाळायला वेळ लागतो, त्याचंही बरोबर आहे.)

जुना ऑइल पेंट अळशीच्या तेलात घोटलेला असे. हे तेल ‘वाळतं’ म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि ही गुंफण वर्षानुवर्षं चालूच राहते. पहिल्या वर्षी लवचीक असलेला थर तिसाव्या वर्षी पापड झालेला असतो. खाली लाकूड रुंदीत हलतंय, वर पापड हलायला तयार नाही. ताण आडवा, म्हणून तडा उभा. जुन्या दारावरचे तडे बहुतेक तंतूंबरोबर खालून वर धावतात. मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडतात ते रंगाचे हात फार चढले असतील तेव्हा. जाड थर मग लाकडाचं कमी आणि स्वतःचं जास्त ऐकतो. अशा थराला गेलेला पहिला तडा स्वतःला आडवा असलेला ताण सोडवतो, लांबीच्या दिशेचा ताण तसाच राहतो, त्यामुळे नंतरचा तडा त्याला काटकोनात येऊन मिळतो. आटलेल्या तळ्याच्या चिखलातही हेच दिसतं. थर जाड तेवढे तुकडे मोठे.

हे सगळं एका दुपारी घडवायचं असेल तर खाली गडद रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा एक हात, आणि गोंद चिकट असतानाच पाण्यातला फिका रंग. वरचा थर सुकताना आटतो. खालचा मऊ गोंद त्याला धरून न ठेवता सरकू देतो, आणि रंग फाटतो. पहिल्या खेपेला मी गोंद लावून जेवायला गेलो. परत येईपर्यंत तो कडक झाला होता, आणि वरचा रंग एकही तडा न जाता नव्या फ्रिजसारखा गुळगुळीत वाळला. दुसऱ्या खेपेला बोटाला चिकटेल इतकाच थांबलो. बघता बघता तडे पडले. ब्रश मात्र एकदाच, उभा फिरवायचा: तडे ब्रशच्या रेघांमागे जातात, आणि पुन्हा फिरवलात तर सगळा लगदा होतो.

जिथे हात लागतो, म्हणजे कडा, कडीचा भोवताल, पायाने ढकलायची जागा, तिथे वरचा रंग देण्याआधी मेणबत्ती घासून ठेवायची. पाण्यातला रंग मेणावर धरत नाही. वाळल्यावर जुन्या एटीएम कार्डाने खरवडला की खालचा रंग निघतो.

उन्हाचं काम निराळं. अतिनील किरणं रंगातला बांधणारा पदार्थ तोडतात, मोकळी झालेली पूड हाताला खडूसारखी लागते. लाकूड उघडं पडलं की तीच किरणं त्यातल्या लिग्निनला, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या पदार्थाला, फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो. पाइनसारखं मऊ लाकूड असं शतकात साधारण ६ मिलिमीटर झिजतं. वार्षिक वलयातला मऊ भाग आधी जातो, टणक रेषा वर उरतात. तारेचा ब्रश तंतूंच्या दिशेने मारला की अशाच रेषा उठतात. पण फक्त खालच्या हातभर भागावर, जिथे पावसाचं पाणी उडतं. वर छज्जाखाली रंग शाबूत असायला हवा. अख्खं दार सारखं घासणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

खिळ्यांभोवतीच्या काळपट डागांना रंग नको. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवायचा, लाकडाला आधी हिरड्याचं किंवा कडक चहाचं पाणी लावायचं, आणि मग हे व्हिनेगर. हिरड्यातलं-चहातलं टॅनिन, म्हणजे त्यांचा तुरटपणा, आणि लोखंड मिळून निळसर काळा रंग धरतो. कलमकारीतला काळाही याच जोडीचा.

या सगळ्यापेक्षा जुन्या बाजारातून खरंच जुनं दार आणणं सोपं वाटतं. पण त्या हिरव्या-निळ्या थरांत शिसं असण्याची शक्यता दाट. घरगुती रंगातलं शिसं दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांची खात्री नाही. अशा दाराला कोरडा पॉलिश पेपर लावायचा नाही, हीट गनही नाही. ओलं करून, खाली प्लॅस्टिक अंथरून, मास्क लावून फक्त सुटलेले पोपडे काढायचे आणि वर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. घरात रांगतं मूल असेल तर गोंद आणि मेणबत्तीवालं नवंच दार करा.