दरवाजातला स्पीकर बंद पडणं (कार ऑडिओ)

गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या दरवाजात, डोअर पॅडच्या (दरवाजाच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या) आत बसवलेला स्पीकर बंद पडणं, खरखरणं किंवा मधूनच जाऊन परत येणं, आणि त्याचं कारण घरच्या घरी मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारं छोटं मीटर) लावून शोधणं, याबद्दलची ही नोंद. बोलताना सगळे "स्पीकर उडाला" असंच म्हणतात, पण स्पीकर बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि तुटलेली असते ती बिजागरीपाशी वाकणारी वायर, त्यामुळे नवा स्पीकर आणून बसवला तरी आवाज काही येत नाही आणि मग स्टिरिओवर संशय जातो.

हा स्पीकर मूव्हिंग कॉइल जातीचा, म्हणजे १९२५ साली राइस आणि केलॉग या दोघांनी मांडलेलाच प्रकार, मॅग्नेटच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला चिकटलेला कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन. गाडीतले बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप). हे ४ ओहम आवाजाच्या करंटसाठी झाले, मीटर मात्र कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे एकाच दिशेच्या करंटला होणारा अडथळा, दाखवतो आणि तो साधारण ३.२ ते ३.८ येतो, म्हणून ३.५ दिसलं तर स्पीकर खराब झाला असं समजू नका, तो बरोबर आहे. कंपनीचा वेगळा अॅम्प्लिफायर असलेल्या काही गाड्यांत २ ओहमचे स्पीकर असतात, तिथे हा आकडा लागू होत नाही.

कशालाही हात लावायच्या आधी सीटवर बसून स्टिरिओचा बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) फिरवून बघायचं. चारही स्पीकर एकदम गेले असतील तर दरवाजा खोलू नका, फ्यूज बघा, स्टिरिओचा म्यूट बघा, किंवा एखादी स्पीकरची वायर बॉडीला टेकून अॅम्प (अॅम्प्लिफायर) प्रोटेक्शनमध्ये गेलाय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद झालाय का ते बघा. एकच गेला असेल तर गाणं चालू ठेवून तो दरवाजा हळूहळू उघडायचा आणि लावायचा, आवाज येऊन-जाऊन करायला लागला की ९० टक्के काम झालं, वायर बिजागरीत तुटलीय. फक्त बास वाजताना फर्रर्र होत असेल तर आधी दरवाजाच्या खिशातली नाणी, पार्किंगच्या पावत्या, पाण्याची बाटली काढून बघा, हसू नका, त्यानेच होतं कित्येकदा. सगळ्याच आवाजात खरखर असेल तर कॉइल घासतीय किंवा कोनाच्या कडेचा फोम कुजलाय. आणि इंजिनाच्या रेसबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल तर तो स्पीकरचा दोषच नाही, अर्थिंगचा आहे.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडीत एकटा माणूस असला तरी तो दरवाजा उघडलाच जातो, म्हणून वायरी तुटण्यात उजवा पुढचा दरवाजा सगळ्यात पुढे. दरवाजा आणि बॉडीच्या मध्ये काळ्या रबराचा जो घडीघडीचा बूट दिसतो त्याच्यातून स्पीकर, पॉवर विंडो, सेंट्रल लॉक सगळ्यांच्या वायरी जातात आणि दर वेळी वाकतात. गंमत अशी की वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही, वायर हलकेच ओढून बघायची, तुटलेली असेल तिथे ती रबरासारखी ताणली जाते. काही गाड्यांत बुटाच्या टोकाला कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) असतो, त्यात पावसाचं पाणी जाऊन कल्हई गेलेल्या पितळी भांड्यासारखा हिरवा थर पिनांवर चढतो, कोकणात आणि गोव्यात हे जरा जास्तच.

मोजण्याची सोपी जागा दरवाजात नसते, ती स्टिरिओच्या मागे असते. स्टिरिओ बाहेर ओढून कपलर काढायचा (बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळी रेघ असलेली निगेटिव्ह, गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असतात) आणि गाडीकडून येणाऱ्या जोडीवर मीटर लावायचं. साडेतीनच्या आसपास आकडा आला तर वायरही ठीक आणि कॉइलही ठीक, म्हणजे दोष स्टिरिओत. काहीच आलं नाही तर मीटर तसंच लावून ठेवून कुणाला तरी दरवाजा हलवायला सांगा, आकडा येऊन-जाऊन करायला लागला तर वायर बिजागरीत तुटलीय. मग दोन्ही वायरी एकेक करून बॉडीशी तपासा, तिथे कंटिन्युइटीचा (दोन टोकं आतून जोडलेली असल्याचा) बीप वाजता कामा नये. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास असतात, निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे, त्यामुळे जुन्या सवयीने ती बॉडीला जोडली की अॅम्पचा चॅनल जायची भीती. टेस्ट लॅम्पही (एक टोक बॉडीला लावून वीज तपासायचा दिवा) इथे लावू नये.

दरवाजा खोलायचाच असेल तर १० नंबर पान्याने आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि पिवळ्या कपलरना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात. डोअर पॅडचे स्क्रू हँडलच्या मागे आणि हात ओढायच्या खाचेत छोट्या टोपणाखाली लपवलेले असतात, ते निघाले की खालच्या कडेने ओढत गेलं की क्लिपा टक टक निघतात आणि दोन-तीन तुटतात, म्हणून पाच-सहा जास्तीच्या आधीच आणून ठेवायच्या. पॅड विंडो स्विचच्या वायरीवर लोंबकळू देऊ नका. आत काळ्या गमने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल, लोक तो फाडून फेकतात आणि पुढच्या पावसाळ्यात पायाखालचं मॅट ओलं का होतंय म्हणून विचारत फिरतात. काचेवरचं पाणी दरवाजात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जावं म्हणून तो पडदा असतो, ती भोकं चिखलाने बुजली असतील तर तीही साफ करा.

स्पीकरचा कपलर काढून मगच मोजायचं, नाहीतर मीटर स्टिरिओपण मोजतं. मोजताना कोन बोटांनी सारखा दाबून बघा, आकडा उड्या मारायला लागला तर कोनाकडे जाणारी बारीक वेणीसारखी तार तुटलीय. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा घड्याळातला सेल क्षणभर टेकवा, 'टप्' आवाज आला म्हणजे कॉइल जिवंत, आणि सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. ट्वीटरवर (फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज वाजवणारा छोटा स्पीकर) मीटरवर विसंबू नका, त्याच्या वायरीत मध्ये कपॅसिटर असतो, तो मीटरचा डीसी करंट अडवतो, म्हणून मीटर सरळ ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवतं आणि चांगला ट्वीटर कचऱ्यात जातो.

वायर जोडताना नुसत्या टेपवर भागवू नये, उन्हात तापलेल्या दरवाजात टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो. पातळ तारांची मऊ वायर घ्या, ०.७५ चौरस मिलिमीटर पुरते, आणि जोड बुटाच्या आत न ठेवता दोन्ही बाजूंना, दरवाजात आणि बॉडीत न्यायचे, कारण सोल्डर केलेला जोड कडक होतो आणि वाकला की त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो. दोन वायरींचे जोड मागेपुढे ठेवून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवायची.

प्लस-मायनस उलटं लागलं तरी स्पीकर वाजतो, फक्त बास गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता कुठूनही आल्यासारखा वाटतो. बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बास परत आला की समजावं. नवा स्पीकर घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर खोक्यावरचे ३०० वॅट वाचून भुलू नका, साध्या स्टिरिओचा चॅनल खरे १५-२० वॅटच देतो. त्यापेक्षा जुना स्पीकर बरोबर न्या आणि मॅग्नेटची खोली जुळवून बघा, खोल मॅग्नेट खाली उतरणाऱ्या काचेला अडतो.