एसएमपीएस चाचणी

एसएमपीएस चाचणी : बटण दाबूनही डेस्कटॉप संगणक सुरू होत नसेल, तर दोष पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे रोजच्या भाषेतल्या एसएमपीएसमध्ये आहे की पुढच्या भागांत, हे शोधण्याची पद्धत.

जुन्या एटी संगणकात कॅबिनेटचे बटण थेट मुख्य वीजच जोडत असे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकात ते बटण मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाला, फक्त इशारा देते. मग मदरबोर्ड सप्लायकडून येणाऱ्या वायरींपैकी हिरव्या वायरीवरचे व्होल्टेज शून्याजवळ आणतो आणि तेव्हा कुठे सप्लाय सुरू होतो. त्यामुळे संगणक ढिम्म हलत नाही, एवढ्यावरून एसएमपीएस गेला असे मानू नये. कदाचित त्याला कोणी सुरू हो म्हटलेलेच नसेल.

प्लग, केबल आणि मागचा स्विच पाहून झाला की जांभळी वायर मोजावी. वीज जोडलेली असेल तर संगणक बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट असतात. सप्लायच्या या वायरींचा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातच ठेवून, व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरची काळी प्रोब (मोजणीची सुई) काळ्या वायरीच्या मागून आणि लाल प्रोब जांभळ्या वायरीच्या मागून धातूला टेकेपर्यंत आत सरकवायची. शून्य आले तर कनेक्टर सोडवून पुन्हा मोजावे. तरीही शून्यच असेल, तर दोष सप्लायचा. अर्ध्या मिनिटाचे हे मोजमाप सर्वांत बोलके आहे आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात.

प्रसिद्ध आहे ती पेपर क्लिपची चाचणी. वीज काढून, सगळे कनेक्टर सोडवून हिरवी वायर, म्हणजे १६ क्रमांकाची पिन, शेजारच्या काळीशी क्लिपने जोडतात आणि मग स्विच चालू करतात. सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिन क्रमांकावरूनच जावे. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत कनेक्टर वेगळाच असतो. तिथे ही युक्ती करू नये. पंखा फिरला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये, कारण काही सप्लाय कमी भारावर पंखा मुद्दाम थांबवून ठेवतात. खरा निकाल मीटरचा : पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. करड्या वायरीवर क्षणभराने ५ व्होल्ट यावे लागतात. तो ‘सगळे ठीक’ हा संकेत असतो आणि तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला सुरू होऊ देत नाही.

क्लिपवर सगळे आकडे बरोबर आले, तरी काम अर्धेच झालेले असते. थकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बिनभारी छान दिसतात आणि भार पडताच व्होल्टेज कोसळते. म्हणून तीच मोजमापे सप्लाय बोर्डाला जोडून, बटण दाबताना पुन्हा घ्यावीत. पंखा पाव फेरा घेऊन थांबत असेल, तर सप्लायने बहुधा शॉर्टपासून स्वतःला वाचवलेले असते. अशा वेळी वीज काढून काही मिनिटे थांबावे आणि कार्ड, डिस्क एकेक सोडवत जावे.

सप्लायचे झाकण मात्र उघडू नये. वीज काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

शंका उरलीच, तर चालू असलेला दुसरा सप्लाय लावून पाहावा, तोही त्याच्याच केबलींसह. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलींच्या सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नाही. प्लग अचूक बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकते.