राज्यपाल व्हायला अर्ज कुठे भरायचा? पात्रता, कागदपत्रं आणि नेमणूक कशी होते

राज्यपालपदासाठी अर्ज नसतो. फॉर्म नाही, फी नाही, जाहिरात नाही, इंटरव्ह्यू नाही, आणि निवडणूक तर नाहीच. हे आधीच सांगतोय कारण यावरून माणसं खरंच गंडवली जातात, जुलै 2022 मध्ये सीबीआयने एक टोळी पकडली, ते लोक राज्यसभेची सीट देतो, राज्यपाल करतो असं सांगून 100 कोटींच्या गोष्टी करत होते. त्यामुळे कोणी "दिल्लीत वरपर्यंत ओळख आहे" म्हणून पैसे मागितले तर सरळ पोलिसात जा.

आता पात्रता. राज्यघटनेच्या कलम 157 मध्ये दोनच अटी आहेत, भारताचा नागरिक हवा आणि वयाची 35 वर्षं पूर्ण झालेली हवीत. शिक्षणाची अट नाही, वयाची वरची मर्यादाही नाही. त्याच राज्यातला असायला पाहिजे असंही काही नाही, उलट बहुतेक वेळा बाहेरचाच माणूस देतात. केंद्र आणि राज्यांचे संबंध तपासायला नेमलेल्या सरकारिया आयोगाने तेच सुचवलं होतं, शिवाय नुकताच राजकारणात जास्त सक्रिय असलेला माणूस नको असंही म्हटलं होतं. पण ती शिफारस आहे, कायदा नाही, त्यामुळे कालपर्यंत पक्षाचा प्रचार करणारा आज राज्यपाल झालेला दिसतो आणि मला हे मनापासून खटकतं.

कलम 158 प्रमाणे राज्यपाल खासदार किंवा आमदार राहू शकत नाही, असेल तर पदभार घेतला त्या दिवशी ती जागा आपोआप रिकामी होते. दुसरं लाभाचं पद, म्हणजे पगार-भत्ते मिळणारं सरकारी पद, तेही चालत नाही. फुलंब्रीचे आमदार हरिभाऊ बागडे जुलै 2024 मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले, तेव्हा त्यांची आमदारकी सुटलीच.

नेमणूक राष्ट्रपती करतात, स्वतःच्या सही-शिक्क्याने, पण नाव ठरतं ते केंद्र सरकारकडे. त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना विचारून घ्यायचं असा संकेत आहे, तो पाळलाच जातो असं नाही. कागदपत्रांचं म्हणाल तर महत्त्वाचा कागद एकच, राष्ट्रपतींनी काढलेलं नियुक्तीपत्र. शपथविधीत ते वाचून दाखवतात आणि मग हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती शपथ देतात, ते नसतील तर हजर असलेले सगळ्यात सीनियर न्यायमूर्ती. राज्यघटनेचं रक्षण करीन आणि या राज्यातल्या जनतेच्या सेवेला वाहून घेईन असं त्या शपथेत असतं, मंत्र्यांच्या शपथेत असते तशी गुप्ततेची शपथ इथे नसते.

मग निवडतात तरी कसली माणसं? माझ्या मते रा. सू. गवईंची कारकीर्द बघावी. अमरावतीकडचे, आंबेडकरी चळवळीतले, रिपब्लिकन पक्षाचे नेते, वर्षानुवर्षं विधान परिषदेत, तिथे उपसभापती आणि मग सभापती, नंतर लोकसभा, राज्यसभा, आणि इतकं सगळं झाल्यावर 2006 ला बिहारचे राज्यपाल आणि 2008 ला केरळचे. सभागृह कसं चालतं हे ज्याने खुर्चीत बसून बघितलंय त्याला विधेयकावर सही करताना काय बघायचं ते कोणी शिकवावं लागत नाही, म्हणून अशी माणसं या पदावर हवीत. प्रतिभाताई पाटील तर राजस्थानच्या राज्यपालपदावरून 2007 मध्ये थेट राष्ट्रपतीपदापर्यंत पोचल्या.

मुदत 5 वर्षं, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. मर्जी म्हणजे कसंही काढता येतं असं मात्र नाही, केंद्रातलं सरकार बदललं एवढ्या कारणावरून राज्यपाल हटवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगितलंय. राजीनामा द्यायचा तर राष्ट्रपतींच्या नावाने लेखी द्यायचा, आणि मुदत संपली तरी नवीन माणूस येईपर्यंत जुनाच चालू राहतो. एकाच माणसाकडे दोन राज्यंही देता येतात, 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून, म्हणूनच 2020 मध्ये भगतसिंह कोश्यारींकडे महाराष्ट्रासोबत गोव्याचाही चार्ज होता. पगार महिन्याला साडेतीन लाख, राहायला सरकारी निवासस्थान, भाडं नाही. पदावर असेपर्यंत फौजदारी केस चालवता येत नाही.

राज्यपाल झालं की राजकारण कायमचं बंद असा पण एक गैरसमज आहे. श्रीनिवास पाटील आधी आयएएस, मग कराडचे खासदार, 2013 ते 2018 सिक्कीमचे राज्यपाल, आणि 2019 ला साताऱ्याची पोटनिवडणूक लढवून परत लोकसभेत गेले.