फ्रान्सच्या टकल्या राजाचं भांडण

‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.’ ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात हे वाक्य चर्चेला घेतलं, तेव्हा फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होतं. मग वाक्य खरं की खोटं? जगातल्या टकल्यांची यादी केली तर हा राजा तिच्यात नाही. टक्कल नसलेल्यांच्या यादीतही नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या अनुयायांना दोन विरोधी टोकांचा समन्वय प्रिय, ते म्हणतील तो केसांचा टोप घालत असणार, असा चिमटाही रसेल काढतात.

त्यांच्या मते या वाक्यात तीन दावे दडलेत: फ्रान्सला राजा आहे, एकच आहे आणि तो टकला आहे. पहिलाच कोसळतो, म्हणून वाक्य खोटं. ‘राजा टकला नाही’ याचेही मग दोन अर्थ निघतात. ‘राजा आहे, पण टकला नाही’ हे खोटं. ‘टकला राजा आहे, ही गोष्टच चूक’ हे खरं. शिवाय नसलेल्या राजाला कुठल्या तरी रूपात अस्तित्व बहाल करावं लागत नाही.

१९५० मध्ये ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी ‘माइंड’मध्येच याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, खरं-खोटं वाक्य नसतं, ते वापरून माणूस करतो ते विधान असतं. ‘फ्रान्सचा राजा शहाणा आहे’ हे एकाने चौदाव्या लुईच्या काळात म्हटलं, दुसऱ्याने पंधराव्याच्या, तर शब्द तेच, विधानं मात्र दोन. आज कुणी म्हटलं तर आपण ‘खोटं!’ म्हणत नाही; ‘अहो, कुठला राजा?’ असं विचारतो. राजा असणं हा दावा नसून गृहीत आहे. तेच फसलं की खऱ्या-खोट्याचा प्रश्नच उरत नाही.

१९५७ मध्ये, पंचाऐंशीच्या रसेलनी उत्तर दिलं: ‘सध्याचा’ऐवजी ‘१९०५ मधला’ म्हणा, स्ट्रॉसन यांचा युक्तिवाद ढासळतो. घाव अर्धाच बसला, असं मला वाटतं. लुईंचं उदाहरण निकामी होतं खरं, पण ‘१९०५ मधला राजा’ म्हटलं तरी ऐकणारा ‘कुठला राजा?’ असंच विचारणार.

गंमत म्हणजे पुढे १९६४ मध्ये स्ट्रॉसन यांनीच आपली भूमिका सैल केली. ‘प्रदर्शनाला फ्रान्सच्या राजाने भेट दिली’ हे मात्र सरळ खोटं वाटतं. कारण इथे बोलणं प्रदर्शनाबद्दल चाललंय, राजा फक्त पाहुण्यांपैकी एक. म्हणजे बोलण्याचा विषय कोणता, यावर निकाल अवलंबून. आणि तो विषय निव्वळ व्याकरण पाहून कळत नाही.