सांतो दाइमे

ब्राझीलच्या आक्रे राज्यात उदयाला आलेला, आयाहुआस्का हे भास घडवणारे वनस्पतिजन्य पेय प्रसाद म्हणून घेणारा ख्रिस्ती पंथ. मारान्याओ राज्यातून रबराच्या जंगलात कामाला आलेले कृष्णवर्णीय मजूर रायमुंदो इरिनेऊ सेरा यांनी १९३० मध्ये रिओ ब्रांको इथे तो सुरू केला. ‘दाइमे’ म्हणजे ‘मला दे’. प्रेम दे, प्रकाश दे, बळ दे, ही स्तोत्रांतली मागणीच पेयाचे नाव झाली. मरियम इथे ‘अरण्याची राणी’ आहे, क्रूसाला दोन आडव्या दांड्या असतात, आणि आदिवासी वनस्पतिज्ञान, आफ्रिकी वारसा व प्रेतात्मवाद (मृतांच्या आत्म्यांशी संपर्क होतो ही श्रद्धा) हे सारे त्यात मिसळले आहे.

पेय बनवणे हीच मोठी उपासना. पुरुष झागुबे वेल खरवडून लाकडी मोगऱ्यांनी एका ठेक्यात कुटतात, तंतू सुटेपर्यंत. रायन्या झुडपाचे एकेक पान स्त्रिया पुसून साफ करतात. मोठ्या पातेल्यात वेल आणि पान थरावर थर रचून पाण्यात तासन्‌तास आटवतात. पानात डीएमटी हे भास घडवणारे रसायन असते, पण नुसते पान प्यायले तर पोटातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर ते मोडून टाकते. वेलीतले हार्मिन हे द्रव्य त्या विकराला रोखते, म्हणून दोन्ही लागतात. धोकाही नेमका इथेच आहे: नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर हे पेय घेतल्यास शरीरातले सेरोटोनिन हे रसायन जिवावर बेतण्याइतके वाढू शकते. स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचा इतिहास असणाऱ्यांनीही यापासून दूरच राहावे.

विधीला ‘काम’ म्हणतात. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ व ‘नमो मरिये’ या प्रार्थनांनी सुरुवात होते. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, प्रत्येकाची जागा ठरलेली. हातातल्या खुळखुळ्याच्या तालावर स्तोत्रे गात, दोन पावले इकडे दोन तिकडे असे नाचायचे. सणाच्या वेळी हे रात्रभर चालते. १५ आणि ३० तारखेला मात्र शांत बसून ध्यान. उलटी झाली तर ती ‘सफाई’, आणि फार त्रासाचा अनुभव म्हणजे ‘पेइया’, अर्थात मार. अशा वेळी राखणदार मंडळी जवळ येऊन सावरतात. ही शिस्त हाच पंथाचा कणा. ती वगळून नुसते पेय घेणे म्हणजे दाइमे नव्हे.

१९७१ मध्ये इरिनेऊ वारले. पुढे सेबास्तियाओ मोता दे मेलो वेगळे झाले व त्यांनी जंगलात सेऊ दो मापिया ही वस्ती उभारली. त्यांच्या शाखेने गांजालाही स्थान दिले; आल्तो सांतोची, म्हणजे इरिनेऊंची मूळ शाखा ते मानत नाही. दोन्ही शाखांना एकच समजणे चूक. ब्राझीलने १९८५ मध्ये वेलीवर घातलेली बंदी पुढे उठवली. २०१० च्या नियमांनुसार धार्मिक वापराला मुभा आहे, पण विक्री आणि जाहिरात करता येत नाही.